ॲटिकमधले रॅकून: दुकानातला पिंजरा की वन-वे दरवाजावाली सर्व्हिस? (मिसिसागा, ओंटारिओ)

आधी निकाल सांगते, कारण ज्यांच्या डोक्यावर आत्ता धपधप चालू आहे त्यांना सगळं वाचायला वेळ नसेल. रॅकून (डोळ्यांभोवती काळा मुखवटा असलेला इथला रानटी प्राणी) घराच्या आत शिरलाय, म्हणजे ॲटिकमधे (छपराखालच्या माळ्यावर), छताच्या कोपऱ्यात, चिमणीत, तर दुकानातला पिंजरा आणू नका, वन-वे दरवाजा (प्राणी बाहेर पडू शकतो, परत आत येऊ शकत नाही असा) लावून बाकीची भोकं जाळीने बंद करून देणाऱ्या माणसांना बोलवा. पैसे जास्त जातात पण काम नीट होतं. आणि वसंतात तर पिंजऱ्याचा विचारच नको, का ते खाली येईलच.

आमचं घर सेमी आहे, म्हणजे एक भिंत शेजारच्यांची आणि आमची सामाईक आणि छतही सलग. त्यामुळे रॅकून एकाचा झाला की दोघांचा होतो. सासूबाई सांगलीहून आलेल्या, त्या वरच्या खोलीत झोपायच्या, त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं की माळ्यावर कुणीतरी चालतंय, उंदीर नाही, वजनदार आहे. त्यांना वाटलं उदमांजर असेल, आपल्याकडे जुन्या कौलारू घरात असतं तसं. अंदाज चांगला होता, फक्त इथला प्राणी उदमांजरापेक्षा बराच जड, चांगला पोसलेला असेल तर दहा किलोच्या वर सहज जातो, आणि त्याचे पुढचे पंजे म्हणजे जवळजवळ हातच, सॉफिटची (छपराच्या बाहेर आलेल्या कडेची खालची बाजू) पत्र्याची पट्टी ओढून काढणं, रूफ व्हेंटचं (छतावरच्या हवा जायच्या झरोक्याचं) प्लास्टिक झाकण उचकटणं हे सगळं तो आरामात करतो. टोरोंटोने २०१६ मधे मुद्दाम रॅकूनला उघडता येऊ नये असे लॉकवाले ग्रीन बिन (ओल्या कचऱ्याचे डबे) वाटायला सुरुवात केली, तरी काही रॅकूननी ते उघडलेच, यावरून समजा.

शेजारचे काका (जाफनाचे आहेत, खूप वर्षांपासून इथे) त्यांचा आग्रह पिंजऱ्याचा होता. त्यांनी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून आणला पण. तर आधी त्याच वस्तूचा रिव्ह्यू.

पिंजरा ३२ इंच लांब, १० रुंद, १२ उंच, गॅल्व्हनाइज्ड तारेचा, एका बाजूला दार. शंभर डॉलरच्या आसपास किंमत. वस्तू म्हणून चांगली आहे, खोटं कशाला बोलू. आत एक पट्टी असते तिच्यावर पाय पडला की दार खाली पडतं आणि आपोआप अडकतं, स्प्रिंगपेक्षा वजनाने पडणारं दार बरं कारण ते गंजून अडकायची शक्यता कमी. वर हँडल आहे आणि हँडलखाली पत्रा, म्हणजे उचलताना बोटं प्राण्याच्या आवाक्यात येत नाहीत, हा पत्रा नसेल तो पिंजरा घेऊच नका. मागच्या बाजूची जाळी बारीक हवी, नाहीतर रॅकून बाहेरूनच हात घालून आमिष खाऊन जातो.

आमिषाबद्दल सगळ्यांचं एकच चुकतं, मासे ठेवतात. सार्डिनचा डबा उघडून ठेवला की गल्लीतली सगळी मांजरं येतात, आणि स्कंक (घाबरला की भयंकर घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी) येतो, आणि स्कंक पिंजऱ्यात अडकणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मार्शमेलो ठेवावा. रॅकूनला गोड आवडतं, मांजर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. काकांनी टूना ठेवला होता आणि मागच्या गल्लीतलं एक पट्टेवालं मांजर रात्रभर आत ओरडत बसलं, ज्यांचं मांजर त्या बाईंनी नंतर जे सुनावलं ते योग्यच होतं.

पण पिंजऱ्याचा खरा प्रश्न आमिषाचा नाहीच. पकडल्यावर काय करणार? इथे बहुतेकांच्या डोक्यात उंदराच्या पिंजऱ्याची पद्धत असते, पकडायचं आणि लांब कुठेतरी नेऊन सोडायचं. ओंटारिओत तसं चालत नाही. इथल्या १९९७ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नियम असा की जिवंत पकडलेला प्राणी २४ तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडायचा. एक किलोमीटर म्हणजे आमच्या घरापासून लायब्ररीसुद्धा नाही. छताचं भोक उघडं असेल तर तो त्याच रात्री परत घरी. म्हणजे पिंजरा लावून तुम्ही त्याला फक्त फिरवून आणला.

आणि हा नियम उगाच नाहीये. अनोळखी भागात सोडलेल्या रॅकूनला ना लपायची जागा माहीत असते ना खाणं, तिथले आधीचे रॅकून त्याला हुसकतात, बरेचसे जगत नाहीत. शिवाय रोग. २०१५ च्या डिसेंबरमधे हॅमिल्टनला रॅकूनमधला रेबीज परत सापडला, तेव्हापासून प्रांत सरकार या पट्ट्यात लस भरलेली आमिषं टाकतंय, कुठे विमानातून कुठे हाताने. एवढी मेहनत चाललेली असताना कुणीतरी डिकीत घालून एक प्राणी दुसऱ्या गावात सोडून यायचा, हे बरोबर नाही. पहिला जो माणूस आम्ही कोटेशनला बोलावला होता तो अगदी सहज म्हणाला, कॅश द्या, पकडून पन्नास किलोमीटरवर सोडतो, परत दिसणार नाही. छतावर चढलासुद्धा नाही. त्याला तिथूनच परत पाठवला. असा माणूस तुमच्याकडे आला तर कितीही स्वस्त असला तरी नको म्हणा.

आता पिल्लांचं, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. हिवाळ्याच्या शेवटी यांचा जोडी जमायचा काळ, मग नऊ आठवडे, म्हणजे पिल्लं साधारण एप्रिल-मे मधे होतात, तीन-चार-पाच. डोळे उघडायलाच तीन आठवडे लागतात, आणि आईच्या मागे बाहेर पडायला दोन महिने तरी. नर काही करत नाही, सगळं ती एकटी. ॲटिक तिला का आवडतं तर उबदार, कोरडं, आणि कोयोटी (कोल्ह्यासारखा इथला शिकारी प्राणी) पोचत नाही. आता तुम्ही मे महिन्यात पिंजरा लावलात आणि ती अडकली तर वरती इन्सुलेशनमधे (घर उबदार राहावं म्हणून माळ्यावर घातलेल्या कापसासारख्या थरात) तिची पिल्लं उपाशी मरतात. आधी रात्रंदिवस रडण्याचा आवाज, मग तो बंद होतो, मग वास. आणि आई पिंजऱ्यात असताना जाळी ओढून ओढून दात आणि पंजे रक्तबंबाळ करून घेते. हे टाळता येतं तेव्हा टाळलंच पाहिजे, तो प्राणी त्रास द्यायला आलेला नाही, तिला बाळंतपणाला जागा हवी होती. आमच्या सासूबाईंनी हे ऐकल्यावर काकांच्या घरी जाऊन स्वतः सांगितलं (मराठी-इंग्रजी-खुणा अशा मिक्स भाषेत) की बाळंतिणीला पकडायचं नाही. काका ऐकले. मोठ्या माणसाचं मोठं माणूस ऐकतं.

तर सर्व्हिस. नाव इथे देत नाही, आमच्या भागातली छोटी कंपनी आहे, दोन भाऊ चालवतात, आणि हीच पद्धत वापरणाऱ्या अजूनही कंपन्या या भागात आहेत, त्यामुळे पद्धत समजून घ्या मग कुणालाही विचारा.

आल्याआल्या त्या भावांपैकी एकाने शिडी लावून सगळं छत बघितलं, फोटो काढून फोनवर दाखवले. आत जायचा रस्ता होता तो आमच्या खालच्या छताची कड वरच्या भिंतीला टेकते त्या कोपऱ्यातला सॉफिट, ओढून वाकवलेला, कडेला केस अडकलेले आणि हाताचे काळे ठसे. चार इंचाचं भोक असलं तरी रॅकूनला पुरतं असं तो म्हणाला. बाकी दोन जागा कमकुवत निघाल्या, त्यातली एक काकांच्या बाजूला. मग ॲटिकमधे शिरला, बराच वेळ टॉर्च घेऊन सरपटत होता, आणि कोपऱ्यातल्या इन्सुलेशनमधून एकेक करून चार पिल्लं जाड ग्लोव्हज घालून बाहेर काढली. डोळ्यांवरचा काळा मुखवटा इतक्या लहानपणीही असतो, मुलं बघतच राहिली. हात लावू दिला नाही त्याने, बरोबर केलं.

पिल्लं एका उबदार खोक्यात ठेवली, आत ऊब देणारं पॅड, आणि ते खोकं छतावर भोकाशेजारी. भोकावर वन-वे दरवाजा, म्हणजे जाळीचा चौकोनी बोगदा ज्याची झडप बाहेरच्या बाजूलाच उघडते. आई पिल्लांच्या आवाजाने किंवा भुकेने बाहेर येते, परत आत जाता येत नाही, पिल्लं शेजारी सापडतात, मग ती एकेकाला मानेला धरून दुसऱ्या ठिकाणी नेते. कारण यांची एकच जागा नसते, आसपास झाडाची ढोली, कुणाची शेड अशा दोन-चार जागा तिला माहीत असतात. म्हणजे हलवणार तीच, आपल्या ओळखीच्या इलाख्यात, कुठे जायचं ते तिचं ती ठरवणार. आम्ही बॅकयार्डच्या कॅमेऱ्यात बघितलं, मध्यरात्रीनंतर कुंपणावरून जाते आहे, येते आहे, जाते आहे, चारही नेली. घरातले सगळे जागे होतो, आवाज न करता स्क्रीनला चिकटून.

त्यानंतर ते येऊन दरवाजा काढून गेले, भोक जाड तारेच्या जाळीने बंद, सगळ्या रूफ व्हेंटवर जाळीची टोपी, आणि डेकखाली (घरामागच्या लाकडी ओट्याखाली) पण काम केलं, तिथे कडेने खणून जाळी इंग्रजी एल सारखी बाहेरच्या बाजूला वळवून पुरतात म्हणजे खणत आला की पंजा जाळीवर लागतो. ही मेहनत मला फार आवडली, कारण खरं काम हेच आहे. एक गेला तरी भोक असेल तर दुसरा येणारच, शहरात यांना काही कमी नाही.

न आवडलेलं पण लिहिते. फोन केल्यावर लगेच येत नाहीत, मे म्हणजे त्यांचा सीझन, थांबावं लागलं. जाळी काळ्या रंगाची आणि आमचा सॉफिट पांढरा, खालून दिसते. आणि ॲटिकची सफाई कोटेशनमधे नव्हती, ती वेगळी सांगितली आणि ती महाग आहे. हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, या एका गोष्टीसाठी पाचातला अर्धा स्टार कापते.

सफाई मात्र टाळू नका आणि साध्या झाडूने करायला जाऊ नका. रॅकून एकाच जागी घाण करून ढीग लावतात, आणि त्यात एका गोल जंताची अंडी असू शकतात, ती दोन ते चार आठवड्यांत संसर्ग होण्यालायक होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. माणसात क्वचित होतं पण झालं तर मेंदूपर्यंत जातं, लहान मुलं माती तोंडात घालतात म्हणून त्यांना जास्त धोका. ब्लीचने ती अंडी मरत नाहीत, उकळतं पाणी लागतं. डेकवर ढीग दिसला तर मास्क, ग्लोव्हज, सगळं पिशवीत बंद करून कचऱ्यात आणि जागेवर उकळतं पाणी. ॲटिकमधे पाणी ओतता येत नाही म्हणून तिथे खराब झालेलं इन्सुलेशन काढणाऱ्यांनाच बोलवा.

खर्च: दोन घरांत मिळून हजार डॉलरच्या थोडा वर, सफाई सोडून, काकांनी निम्मे दिले. इन्शुरन्सचं विचारत असाल तर पॉलिसी वाचा, बऱ्याच पॉलिसीत रॅकूनने केलेलं नुकसान वगळलेलं असतं. शहराची ॲनिमल सर्व्हिस प्राणी जखमी, आजारी असेल तर बघते, ॲटिकमधला धडधाकट रॅकून काढायचं काम आपलंच. आणि दिवसा रॅकून दिसला म्हणजे रेबीजच असं घाबरून फोन करू नका, पिल्लं असलेली आई दिवसासुद्धा खाणं शोधायला निघते. लडखडत असेल, गोल गोल फिरत असेल, माणसाला बघून हलतच नसेल, तर मात्र लांब राहा आणि लगेच कळवा.

बाकीच्या उपायांवर (अल्ट्रासॉनिक यंत्र, अमोनियाचे बोळे, डांबरगोळ्या) पैसे घालवू नका.

मग पिंजरा कधीच नाही का? बागेत, शेडमधे एखादा प्राणी कोंडला गेलाय, उन्हाळा संपलाय, पिल्लं मोठी झालीयत, तर माहितगार माणसाने लावलेला ठीक. पण तेव्हाही सावलीत ठेवायचा, उजाडताच बघायचा, वर चादर टाकून शांत करायचा, आणि मादी असेल तर पोटाकडे नजर टाकायची, दूध पाजणारी दिसली तर तिथल्या तिथे दार उघडायचं. पिंजऱ्याला पाचात दोन स्टार, सर्व्हिसला साडेचार.

फोन कराल तेव्हा एवढं विचारा: पिल्लं आहेत का हे आत शिरून बघणार का, आईबरोबर पिल्लं कशी बाहेर काढणार, कुठे सोडणार, जाळीची लेखी वॉरंटी किती वर्षांची, आणि सफाई धरून एकूण किती. सेमी किंवा टाउनहाऊस असेल तर शेजाऱ्यांना पहिल्या भेटीलाच बरोबर उभं करा, छत दोघांचं आहे.