कोरियन घरात होमस्टे : बुसानमध्ये राहून आलेला अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. भाषा शिकायला कोरियात येणार असाल, घराबाहेर राहायची पहिलीच वेळ असेल आणि ताटात येईल ते खायची सवय असेल, तर सुरुवातीच्या सहा महिन्यांसाठी होमस्टेसारखी सोय नाही. कट्टर शाकाहारी असाल, रात्री बाराला उठून मॅगी करणाऱ्यांपैकी असाल किंवा आपण कधी आलो-गेलो हे कुणी विचारलेलं खपत नसेल, तर सरळ गोशिवॉनमधली (एकट्यापुरत्या छोट्या भाड्याच्या खोल्यांची इमारत) चिमुकली खोली घ्या आणि सुखी राहा.

एक गोष्ट जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते. पैसे तुम्ही खोलीचे भरता, पण राहता त्या घरातलं धाकटं माणूस म्हणून. माझं सगळं कौतुक आणि सगळी कुरकुर इथूनच सुरू होते.

मी साताऱ्याची. २०२४ च्या सप्टेंबरात कोरियन शिकायला बुसानला आले. इथल्या विद्यापीठांत भाषावर्गाचं एक सत्र दहा आठवड्यांचं, दोनशे तासांचं असतं, आणि वर्षात अशी चार सत्रं होतात. दोन सत्रांपुरती खोली ठरवली होती, अजून तिथेच आहे. घर गुमजंग भागात, मेट्रोच्या एक नंबर लाईनजवळ, चौदाव्या मजल्यावर. काका बंदरात नोकरीला, काकू घरीच, मुलगी अकरावीत. थोरला मुलगा लष्करात आहे. इथे मुलांना लष्करी सेवा सक्तीची, पायदळात अठरा महिने. त्याची खोली रिकामी पडली म्हणून ती मला मिळाली. तो रजेवर आला की हॉलमध्ये गादी टाकून झोपतो. याचं मला फार अवघडल्यासारखं होतं, घरात दुसऱ्या कुणालाच काही वाटत नाही.

भाडं महिना साडेसहा लाख वॉन, म्हणजे आपले साधारण चाळीस हजार. त्यात नाश्ता, रात्रीचं जेवण, वीज, गॅस, इंटरनेट सगळं आलं. अनामत एका महिन्याची. वनरूम, म्हणजे एका खोलीचं स्वतंत्र घर, घ्यायची म्हटली तर महिन्याचं भाडं कमी पडतं, पण अनामतीतच तीस ते पन्नास लाख वॉन अडकतात आणि पलंगाची चादरही आपणच आणायची. हिशेब मांडला तर होमस्टे स्वस्त नाही, महागही नाही. मधल्या एजंटने मात्र फोटोत दाखवलेली मोठी खिडकी प्रत्यक्षात बंद बाल्कनीत उघडते, तिथे कपडे वाळत असतात. त्याचं शुल्कही परत मिळत नाही. जमलं तर आधी व्हिडिओ कॉलवर खोली फिरवून दाखवायला सांगा.

आणखी एक, कागदाचं. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याला आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत इमिग्रेशनकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी राहत्या जागेचा पुरावा हवा. भाडेकरार तुमच्या नावावर नसतो, म्हणून घरच्यांनी सही केलेलं जागा दिल्याचं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडतात. माझ्या घरच्यांनी एका संध्याकाळीत दिलं. वर्गातल्या एका व्हिएतनामी मुलीच्या घरमालकिणीने तीन आठवडे टोलवलं. पैसे देण्याआधीच हे विचारून घ्या.

खोली साधी, पण थंडीत जमीन गरम. ओंदोल म्हणजे जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप, बॉयलरचं बटण भिंतीवर. बुसानची थंडी सोलइतकी बोचरी नाही, तरी जानेवारीत मी पलंग सोडून खाली गादीवरच झोपायचे. हवा मात्र इतकी कोरडी होते की रात्री ओला टॉवेल खोलीत टांगून ठेवावा लागतो. गॅसचं बिल आलं की काका सगळ्यांच्या खोल्यांचं तापमान एकेक अंशाने खाली आणतात आणि काकू मला निमूट एक जाड बंडी आणून देतात. बाथरूममध्ये कमोडला पाण्याचा फवारा असतो. हे वाचून जे सुटकेचा निःश्वास टाकतील त्यांच्यासाठीच हे वाक्य लिहिलं.

घराची सवय व्हायला वेळ लागला तो आवाजांमुळे. दाराला किल्ली नाही, आकड्यांचं कुलूप. आकडे दाबले की टीं-टीं वाजतं, दार लागलं की एक छोटी धून वाजते. रात्री साडेअकराला चोरपावलांनी यायचं ठरवलं तरी अख्ख्या घराला कळतं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काकू काही बोलत नाहीत, फक्त "काल जेवलीस का?" एवढंच विचारतात, आणि त्यात सगळं येतं. दुसरा आवाज हॉलच्या भिंतीतल्या स्पीकरचा. सोसायटीचं ऑफिस त्यावरून थेट घराघरात बोलतं : उद्या पाणी बंद, बाल्कनीत सिगारेट ओढू नका, वरच्या मजल्यावर मुलांना पळू देऊ नका. तो बंद करता येत नाही. पहिल्या महिन्यात मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आता मीच काकूंना सांगते की गुरुवारी लिफ्ट बंद आहे. वर्गातल्या ऐकण्याच्या परीक्षेपेक्षा या स्पीकरने माझे कान जास्त तयार केले. फक्त वर्गात सोलची भाषा शिकवतात आणि घरात चालते बुसानी. काकांचं बोलणं मला तिसऱ्या सत्रापर्यंत भांडणच वाटायचं.

आता खरा विषय, जेवण. आमच्या घरी मटण-मासे चालतात, गाय-डुक्कर नाही. आल्या दिवशीच सांगितलं. काकूंनी मान डोलावली, आणि संध्याकाळी मांसाचे तुकडे बाजूला काढून रस्सा वाढला. तुकडे खायचे नाहीत हे कोरियन घराला लगेच समजतं. रस्साही नको हे समजावायला वेळ लागतो, कारण अर्क सगळीकडे असतो. साध्या दिसणाऱ्या सोयाबीनच्या आमटीत सुकट मासळीचा, पालेभाजीत कधीकधी गोमांसाच्या अर्काची पूड. किमची म्हणजे नुसता कोबी नव्हे, त्यात खारवलेली कोलंबी आणि मासळीचा अर्क असतो. त्यामुळे शाकाहारी मंडळींना कुणी "किमची भाजीच आहे" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. संपूर्ण शाकाहारी जेवण हवं तर बौद्ध मंदिराचा स्वयंपाक. आमच्याच लाईनवर बमोसा स्टेशनला उतरून ९० नंबरची बस पकडली की ती डोंगरातल्या जुन्या बमोसा मंदिरापर्यंत जाते.

पण काकूंनी हळूहळू माझ्यापुरता मार्ग काढला. नव्या चांद्रवर्षाला (२०२५ मध्ये ते २९ जानेवारीला आलं) तांदळाच्या चकत्यांचं सूप असतं. बहुतेक घरांत ते गोमांसाच्या रश्शात करतात. त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात कालव घालून केलं, आणि मग काकांनीही आपला वाडगा पुढे केला.

स्वयंपाकघर वापरायला परवानगी आहे, पण फोडणीला नाही. एकदा मोहरी-हिंगाची फोडणी दिली तर मुलगी नाक धरून बाल्कनीत गेली. आठवडाभर फ्रिजमध्ये खारवलेली मासळी ठेवणाऱ्या घराला हिंगाचा वास सहन होत नाही, यावर मी काही बोलले नाही. डाळ-तांदळाची खिचडी मात्र आवडीने खातात, वर भाजलेल्या समुद्री शेवाळाचा चुरा टाकून. तीही वाईट लागत नाही.

कचऱ्याबद्दल दोन शब्द, कारण होमस्टेमध्ये सगळ्यात जास्त बोलणी यावरूनच खावी लागतात. सुका कचरा वेगळा, इतर कचऱ्याला विकत घेतलेल्या ठरावीक पिशव्या (ही पद्धत १९९५ पासून देशभर आहे), आणि खरकटं तिसरीकडे. खाली एक यंत्र आहे. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, खरकटं ओतलं की वजन होतं आणि पैसे घराच्या खात्यात चढतात. अंड्याची टरफलं, हाडं आणि चहाचा चोथा खरकट्यात चालत नाही, तो साध्या कचऱ्यात. दिवसातून तीनदा चहा पिणारीने हे पहिल्याच दिवशी पाठ करावं.

नोव्हेंबरातली किमजांग हे होमस्टेचं सगळं भाडं वसूल करणारं काम. थंडी लागायच्या तोंडावर वर्षभराची किमची घालतात. २०१३ साली युनेस्कोने या प्रथेची वारसा यादीत नोंद केली. काकूंनी हेनामचा आधीच खारवलेला कोबी मागवला होता, वीस-वीस किलोची खोकी. बहीण, जाऊ, शेजारीण जमल्या. हॉलमध्ये प्लास्टिक अंथरून, लाल रबरी हातमोजे घालून सगळ्या गोल बसल्या. मिरचीपूड, मुळ्याचा कीस, पातीचा कांदा, चिकट तांदळाची खळ आणि गिजांगच्या मासळीचा अर्क एकत्र कालवला. मग कोब्याचं पानन् पान उचलून आत मसाला चोळायचा, देठाकडे जास्त, शेंड्याला जवळपास नाहीच. शेवटी बाहेरचं मोठं पान गुंडाळून गड्डा बांधायचा आणि कापलेली बाजू वर करून डब्यात दाबून बसवायचा. जावेने माझा पहिला गड्डा उलगडून परत करायला लावला. दुपारपर्यंत पाय वळले, डोळे चुरचुरले, आणि सासवांच्या इतक्या चुगल्या ऐकल्या की अर्ध्या सत्राचे शब्द त्या एका दिवसात मिळाले. डबे मग किमचीसाठीच्या वेगळ्या फ्रिजमध्ये जातात. हो, या घरात दोन फ्रिज आहेत, आणि मोठा मान किमचीवाल्याला.

छुसक हा पितरांचा आणि नव्या पिकाचा सण, चांद्र आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला. २०२४ मध्ये तो १७ सप्टेंबरला आला, त्याच दिवशी आपल्याकडे विसर्जन. मला येऊन दोन-तीनच आठवडे झालेले. सोंगप्यन करायला बसवलं : तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ-साखर, आणि पाईनच्या पानांवर वाफवायचं. उकडीच्या मोदकाचा साधा भाऊच म्हणा. हात सवयीचा, त्यामुळे एकही फुटला नाही, आणि तिथून आजीबाईंच्या लेखी मी घरची झाले. त्याचा फायदा असा, की पुढचे चार तास मासे आणि झुकिनीचे काप अंड्यात बुडवून तळायलाही मलाच बसवलं. बायका पहाटेपासून तळतात, पुरुष सूट घालून पूर्वजांच्या पाटापुढे वाकतात आणि जेवायला बसतात. हे बघायला इतक्या लांब यायची गरज नव्हती.

जी गोष्ट खटकली तीही लिहिते. एजंटने "मुलीशी थोडं इंग्रजीत बोला" एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती रात्री दहानंतर क्लासहून आली की उतारे घेऊन माझ्या दाराशी उभी. बिचारी स्वतःच झोपेला आलेली असायची. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय पैशाचं काम करता येत नाही, भाषावर्गाच्या व्हिसावर पहिले सहा महिने तर नाहीच. पण घरातल्या घरात, फुकट, आणि जेवायला वाढणाऱ्या काकूंच्या मुलीला शिकवणं यात नाही कसं म्हणायचं? शेवटी काकूंशी बसून बोलले. रविवारी दुपारी एक तास, बाकी दिवस सुट्टी, असं ठरलं आणि टिकलं. धाकट्या माणसाला बोलता येतं, फक्त आवाज खाली ठेवून आणि फळं कापून समोर आल्यावर. जेवणानंतर काकू सफरचंद नाहीतर नाशपाती सोलतात. या घरातले सगळे वाटाघाटीचे विषय त्या ताटलीभोवतीच निघतात.

२०२४ च्या ३ डिसेंबरच्या रात्रीबद्दल साताऱ्याच्या घरच्यांनी फार विचारलं, म्हणून थोडं. साडेदहाच्या सुमारास टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा जाहीर केला. काकूंनी सगळ्यात आधी मुलाला फोन लावला, तो तर गणवेशातच होता. लागला नाही. काकांचे थोरले भाऊ १९७९ च्या ऑक्टोबरात इथल्याच बुसान राष्ट्रीय विद्यापीठात शिकत होते, जिथून त्या वर्षीचं हुकूमशाहीविरुद्धचं आंदोलन पेटलं. ते टॅक्सी करून आले आणि काही न बोलता सोफ्यावर बसले. एकच्या सुमारास संसदेत हजर १९० च्या १९० सदस्यांनी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिलं. पहाटे तो मागे घेतला गेला. सातला मुलगी शाळेत गेली, मी वर्गात. गोशिवॉनमध्ये असते तर ती रात्र एकटीने मोबाईलवर काढली असती, आणि काय चाललंय ते मला धड कळलंही नसतं.

काका किमहे-किम घराण्यातले. या घराण्याची मूळ माता आयुता देशाहून आलेली राजकन्या, असं जुन्या ग्रंथात आहे, आणि आयुता म्हणजे अयोध्या असं बरेच जण मानतात. त्यामुळे पहिल्याच रात्री त्यांनी मला भाऊबंदांत जमा केलं. एका रविवारी बुसानशेजारच्या किमहे शहरात त्या राणीच्या समाधीवर नेलं, तिथे तिने जहाजातून आणल्याचं सांगतात ते दगड रचून ठेवले आहेत. माझं लक्ष जास्त तिथल्या दोंगसांग-दोंगच्या बाजारात होतं : तूरडाळ, कणीक, जिरं, सगळं मिळतं. बुसानमध्ये राहणाऱ्यांनी वाणसामानासाठी तिकडेच जावं, हलक्या मेट्रोने सासांगहून सोपं पडतं.

आता ज्यांनी मेसेज करून पत्ता विचारलाय त्यांच्यासाठी. घरचा मुलगा ऑगस्टमध्ये लष्करातून सुटतोय, त्याला त्याची खोली परत हवी, आणि मी जुलैअखेर वनरूममध्ये जातेय. तेव्हा ही खोली मिळणार नाही. सप्टेंबरच्या सत्रासाठी शोधत असाल तर आत्ताच लागा, आणि घरात कुणी सैन्यात आहे का, असेल तर कधी सुटतो, हे भाड्याच्या आधी विचारा.