चिपळूण : घरच्या वायरिंगची तपासणी करून घेतली, त्याबद्दल

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यावर छातीभर चढलं होतं. नंतर चिखल उपसला, रंग काढला, स्विचबोर्ड नवे बसवले. भिंतीतल्या वायरी मात्र त्याच. आत कोण बघतंय!

तेव्हापासून पावसाळा लागला की आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाइट तोडणारा मेनबोर्डातला स्विच) पडायचा. कधी रात्री दोनला, कधी ऐन पोळ्यांच्या वेळी. गेल्या वर्षी वैतागून नेहमीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं पाच मिनिटांत तो 'डायरेक्ट' करून दिला, म्हणजे वायरी त्याला वगळून जोडल्या, 200 रुपये घेतले. पुन्हा लाइट गेली नाही म्हणून मी त्याला वर चहाही पाजला.

यंदा जूनमध्ये वॉशिंग मशीनला हात लावताच सूनबाईला झिणझिण्या आल्या. मग ओळखीतून एका लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरना गाठलं. नुसत्या तपासणीचे 1,500. "बघायचे पंधराशे?" इति आमचे हे.

आले दीड तास उशिरा, हे आधीच सांगते. पण आल्यावर तीन तास हलले नाहीत. मेनबोर्ड उघडून म्हणाले, "काकू, हा आरसीसीबी नुसता शोभेला आहे." मग फ्रीजसकट सगळे प्लग काढायला लावले, मेन बंद केला आणि मेगर जोडला. हे यंत्र 500 व्होल्ट देऊन वायरीचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजतं. किमान 1 मेगाओहम तरी हवा. वरच्या मजल्यावर 50 च्या पुढे आकडा, आणि मागच्या पडवीच्या लाइनीला 0.02! तिथला जंक्शन बॉक्स उघडला तर आत पुराचा गाळ वाळून बसलेला, टेपखालचं तांबं हिरवंगार. म्हणजे आरसीसीबी बिचारा उगाच पडत नव्हता.

मशीनच्या सॉकेटमागे अर्थची वायर तुटून लोंबत होती. अर्थिंगचा खड्डा तर सापडेचना, कारण अंगण करताना आम्हीच त्यावर फरशी घातलेली. (ह्यांनीच. मी तेव्हा माहेरी होते.)

मी विचारलं, एमसीबी आहेत की, मग? ते म्हणाले, एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट बघतो. माणसाच्या अंगातून 30 मिलिअँपिअर (म्हणजे 0.03 अँपिअर) करंट गेला तर 16 अँपिअरच्या एमसीबीच्या तो खिजगणतीतही नसतो. आरसीसीबी तेवढ्यावरच पडतो.

पडवीची लाइन नवी ओढली, अर्थची वायर जोडली, आरसीसीबी बदलून नीट जोडला. 9,400 रुपये. खड्डा शोधताना दोन फरश्या फुटल्या, त्या अजून तशाच आहेत. रिपोर्ट हातानं लिहिलेला, तोही डॉक्टरी अक्षरात. मला वाचून घ्यावा लागला.

सप्टेंबर आला, आरसीसीबी एकदाही आपणहून पडलेला नाही. दर महिन्याला त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघायला सांगितलंय, ते मी एक तारखेला दाबते. मॅच चालू असताना दाबायचं नाही, एवढंच घरात ठरलंय.