मायनर विषय निवडताना: सीनियर की मेंटॉर शिक्षक?

मायनर, म्हणजे पदवीत मुख्य विषयाच्या जोडीला घ्यायचा दुय्यम विषय, कोणता घ्यावा हे सीनियरला विचारणं सोपं. कोणत्या पेपरला काय येतं, कोणाचे तास चुकवू नयेत, हे तोच सांगतो, नोट्सही देतो. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर रचनाच बदलली. सीनियरच्या वेळचे नियम तुम्हाला लागू असतीलच असं नाही.

माझा कौल मेंटॉरना, कारण आताचे नियम त्यांना विचारता येतात. तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक), चार वर्षांची ऑनर्स १६० ची. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवी असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. हे तिसऱ्या वर्षी कळून काय उपयोग? म्हणून पहिल्याच सत्रात त्यांना भेटा. जाताना गुणपत्रिका आणि नेमके प्रश्न न्या. नुसतं ‘सर, काय घेऊ?’ विचारलं, तर त्यांनी तरी काय सांगावं?