‘पाच बियांचा अर्क’ देतात आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला लावतात, सावध राहा

रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या घरात कुणाला मधुमेह आहे त्यांनी, हे नीट वाचावं. वजन घटवण्याच्या ‘पाच बियांच्या अर्का’साठी माझ्या वहिनींकडून साडेआठ हजार रुपये उकळले. पैशांचं एक वेळ सोडा, पण त्यांची मधुमेहाची चालू औषधं बंद करायला लावली, आणि ते मला सहन होत नाही.

सुरुवात फुकट तपासणीने होते. तलावाकाठी ओळख काढतात आणि संध्याकाळी, खाणंपिणं झाल्यावर, एका गाळ्यावर बोलावतात. तिथल्या काट्यावर अनवाणी उभं केलं की वजन, चरबी आणि ‘शरीराचं वय’ दिसतं. सेहेचाळीस वर्षांच्या वहिनींचं वय एकसष्ट आलं. बाई घाबरणार नाही तर काय! हे यंत्र तळपायातून सौम्य वीज सोडून चरबीचा नुसता अंदाज बांधतं. अंगात पाणी किती, जेवण कधी झालं, यावर आकडा हलतो. ‘शरीराचं वय’ हा यंत्र बनवणाऱ्याचा हिशेब आहे, रोगनिदान नव्हे. पुढची मोजणी मात्र मुद्दाम सकाळी, उपाशीपोटी. माणसाचं वजन दिवसभरात एरवीही किलोभर खालीवर होतं. तोच फरक अर्काचा गुण म्हणून दाखवला.

डबीवर मेथी, जवस, कलौंजी, द्राक्षाच्या बिया आणि ग्रीन कॉफी, अशी नावं. लबाडी इथेच मुरलेली आहे, कारण मेथीत थोडं तथ्य आहे. भिजवलेल्या मेथीला बुळबुळीतपणा येतो तो विरघळणाऱ्या तंतूंमुळे. त्यांनी जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते, पोट भरल्यासारखं वाटतं. पण त्यासाठी मेथी चमच्याने खावी लागते, एवढे तंतू कॅप्सूलमध्ये मावतच नाहीत. आणि लक्ष्मीपुरीत पाव किलो मेथी काय भावाने मिळते, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

ग्रीन कॉफीचं ‘संशोधन’ पत्रकात छापलं होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला, बंगळुरूत अवघ्या १६ जणांवर केलेला तो प्रयोग. त्यात वजनाचे आकडे बदलल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला, पैसे पुरवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि निबंधही मागे घेतला गेला. पत्रकात यातलं अक्षर नाही.

मग खरा घाव. वहिनींची मधुमेहाची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. “वहिनी, मेटफॉर्मिन मेथीपासनंच काढत्यात. मूळ वस्तूच घेताय, मग गोळी कशाला पायजे? बंद करा की.” साफ खोटं! मेटफॉर्मिनचा माग लागला तो गॅलेगा नावाच्या वेगळ्याच वनस्पतीतल्या द्रव्यावरून, आणि गोळी कारखान्यात रसायनांपासून बनते. वहिनींनी विश्वासाने गोळी थांबवली.

हळूहळू भूक मेली, तोंडाला कोरड, रात्री झोप नाही, छातीत धडधड. विचारलं की उत्तर एकच, “चरबी वितळतीय.” शेवटी आमच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा रक्तदाब चढलेला आणि उपाशीपोटी साखर अडीचशेच्या वर. त्यांनी आधी हेच विचारलं, “कसली हर्बल कॅप्सूल चालू आहे का?” अशा डब्यांत सिब्युट्रामिन मिसळलेलं जगभर अनेकदा सापडलं आहे. भूक मारणारं हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून हटलं, आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. वहिनींच्या डबीत तेच होतं असं मी म्हणत नाही, तपासणी झालेली नाही. पण मेथी-जवसाने कुणाची अशी छाती धडधडलेली मी तरी पाहिलेली नाही.

‘महिन्यात पैसे परत’ म्हणणाऱ्यांनी नंतर “डबी फोडलीय” म्हणून हात वर केले, आता फोन उचलत नाहीत. पैसे यूपीआयने कुणाच्या तरी खासगी खात्यात गेलेले, पावतीवर बॅच नंबर नाही.

डबीवरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक दाखवतील. तो खाद्यपदार्थाच्या धंद्याचा परवाना आहे, वजन उतरेल याची हमी नव्हे.

कुणी घेतलं असेल तर उरलेल्या कॅप्सूल फेकू नका. डबी, पावती आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवा. पण त्याआधी, गोळ्या थांबवल्या असतील तर आजच साखर आणि रक्तदाब तपासा. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा, आणि काय काय घेतलं ते न लपवता सांगा.