ओआरएसची साधी पुडी: चवीला पाचपैकी दोन, कामाला पाच

आतड्याच्या टीबीपायी लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि मोठ्याची सुरुवात काढून टाकावी लागली. टीबी बरा झाला, पोट मात्र कायमचं पातळ. त्यात मी एसटीत कंडक्टर. ड्युटीच्या बॅगेत तिकीट मशीनशेजारी जी कायम असते तिच्याबद्दल लिहितोय: ओआरएस, म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारी साखर-मिठाची पावडर. मेडिकलमध्ये मिळणारी, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला छापलेली साधी पुडी.

हिनं जुलाब थांबत नाहीत, हे आधीच सांगतो. पित्त त्या कापलेल्या टोकातून परत शोषलं जायचं; आता ते मोठ्या आतड्यात उतरून पाणी सुटतं. त्यासाठी डॉक्टरांनी वेगळी पावडर दिलीय, आणि बी१२चं इंजेक्शन, कारण तेही तिथंच शोषलं जायचं. पुडीमुळं दुपारच्या फेरीला पायांत गोळे येत नाहीत, डोळ्यांपुढं अंधारी येत नाही. नुसतं पाणी घटाघटा प्यालं तर थोड्याच वेळात स्टँड शोधायची वेळ येते.

मोठी पुडी एक लिटरची. ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. या मापात साखर-मीठ एकत्र गेलं की आतडं पाणी आत ओढतं. म्हणून अर्धी पुडी अंदाजानं ओतू नका. २०० मिलीची छोटी मिळते, तिला आमच्या डेपोत हाफ तिकीट म्हणतात.

चव घामासारखी. संत्र्याचा वास घातलाय, उपयोग शून्य. पावसाळ्यात काही पुड्या आत दगड झालेल्या निघतात, घेताना दाबून बघा.

दुकानदार हमखास फळांच्या चवीचा गोड टेट्रापॅक पुढं करतो. तो नको. जास्तीची साखर उलट आतड्यात पाणी खेचते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला बंदी घातली, ते बरंच झालं.

डब्यात मऊ भात, उकडलेलं अंडं, केळं. एकदम न खाता दोन-तीन थांब्यांवर थोडं थोडं. मिसळ बंद. (कोल्हापूरकराला हे लिहिताना काय होतं ते विचारू नका.)

किडनी, हृदय किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्या. आणि स्टीलची बाटली घ्या, पण बरोबर लिटरचीच. बाजारात ९०० मिलीच्या फार आहेत.