फेरेटच्या पंजाचा ठसा: तयार किट घ्यावं की दंतवैद्याची पावडर?

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी. प्रौढ फेरेटचा पुढचा पंजा साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. गेलेल्या पाळीव प्राण्याच्या आठवणीसाठी म्हणून ऑनलाइन जी ठशाची किटं विकली जातात, ती लॅब्रेडोरच्या मापाने केलेली असतात. सगळी गडबड तिथून सुरू होते.

किटमध्ये हवेत सुकणारी पांढरी माती, छोटं लाटणं, गोल साचा, रिबन आणि बहुतेक वेळा फोटोची चौकट असते. कुत्र्याचा जाड पंजा या मातीत नीट रुततो. फेरेटची बोटं पाच आणि काडीसारखी बारीक, मधे दाट केस. हाताने दाबलं की मधली दोन-तीन बोटं खोल जातात, कडेची उमटतच नाहीत आणि केसांच्या रेघा तळव्याच्या मऊ गादीच्या खुणेवर पसरतात. वाळताना माती आक्रसते, तीही सारखी नाही: वरचा थर आधी सुकतो, कडा वर उचलल्या जातात आणि जिथे माती सर्वांत पातळ, म्हणजे नेमकी ठशातच, तिथे चीर पडते. साताऱ्याच्या पावसाळ्यात तर आठवडाभर ओल जात नाही आणि मागच्या बाजूने बुरशी धरते.

किट आधीच घेतलं असेल तर माती सगळीकडे ८ ते १० मिलिमीटर जाड लाटा. ठसा उमटवून झाला की पहिला दिवस वरून सुती कापड घाला, मग चाळणीवर ठेवून रोज उलटा. पंख्याखाली ठेवू नका. एवढं करूनही फेरेटसाठी या किटला पाचात दोन गुण. त्यातला एक चौकटीला.

खरं काम होतं ते दंतवैद्य दाताचं माप घ्यायला वापरतात त्या अल्जिनेटने, म्हणजे पाण्यात कालवली की रबरासारखी घट्ट होणाऱ्या पावडरीने. कराड आणि सांगली, दोन्हीकडे डेंटल कॉलेजं आहेत, त्यामुळे या भागात हा माल काही दुर्मीळ नाही. डेंटल साहित्याच्या दुकानात दोन गोष्टी मागा: साच्यासाठी रेग्युलर सेट (सावकाश घट्ट होणारं) अल्जिनेट आणि त्या साच्यात ओतायला डेंटल स्टोन, म्हणजे दंतवैद्यांचं कडक प्लास्टर. फास्ट सेट घेऊ नका, नवख्या हाताला तो वेळच देत नाही. रंग बदलणारं अल्जिनेट मिळालं तर उत्तम, कधी बुडवायचं ते रंगावरूनच कळतं.

साहित्यापेक्षा वेळ जास्त महत्त्वाची. प्राण गेल्यावर काही तासांत अंग ताठरतं, लहान जिवात आणि उन्हाळ्यात आणखी लवकर. ताठरताना बोटं आत वळतात. ती जबरदस्तीने सरळ केली तर सांधा निखळतो आणि ठसाही वाकडाच येतो. म्हणून काम पहिल्या तास-दोन तासांत करा. ते जमणार नसेल तर पंजे सरळ ठेवून देह टॉवेलात गुंडाळा, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि ताठरपणा उतरेपर्यंत थांबा. थंडीत त्याला एक-दोन दिवस, कधी जास्तही लागतात. डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्यायचं असेल तर फ्रीझरमध्ये अजिबात नको. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही वाचता येत नाही.

आता कृती. पंजा ओल्या कापसाने पुसा, बोटांच्या बेचक्यातली घाण काढा. केसांवर व्हॅसलिनचा पुसट हात फिरवा, गाद्यांवर मात्र नको, नाहीतर बारीक रेषा बुजतात. पाचेक सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची डबी घ्या. तिच्यासाठी ३६ ग्रॅम पावडर आणि ८० मिलिलिटर पाणी पुरतं. पाणी माठातलं, गार. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये टाकीतल्या कोमट पाण्याने अल्जिनेट वाटीतच घट्ट होतं. बोअरच्या क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं, शिवाय मिश्रण रवाळ होतं. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरलं की प्रश्न मिटला.

रबरी वाटीत कडेला दाबत दाबत ४५ सेकंद घोटा, म्हणजे हवा निघून जाते. थोडं मिश्रण आधी बोटाने गाद्यांवर आणि बेचक्यांत चोळा. ही पायरी गाळली की बोटांमध्ये बुडबुडे अडकतात आणि ओतीव पंजावर चामखिळीसारखे गोळे येतात. मग पंजा मनगटापर्यंत बुडवा आणि तीन-चार मिनिटं हलवू नका. बाहेर काढताना हळूहळू नाही, एका झटक्यात सरळ ओढा. अल्जिनेट झटक्याला टिकतं, रेंगाळलं की फाटतं.

साचा लगेच भरायचा, दहा मिनिटांच्या आत. उघड्यावर अल्जिनेटमधलं पाणी उडून ते आक्रसतं, पाण्यात ठेवलं तर फुगतं. दोन्हीकडे माप बिघडतं. ५० ग्रॅम डेंटल स्टोनला १५ मिलिलिटर पाणी. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही. पहिला थेंब एका कडेने सोडा आणि डबी टेबलावर ठोकत राहा, म्हणजे तो नखांच्या टोकापर्यंत उतरतो. तासाभराने ब्लेडने अल्जिनेट कापून काढा. ओतीव पंजा धरून ओढाल तर बोट तुटणारच. रात्रभर ठेवायचं कारण नाही, सुकलेलं अल्जिनेट वरचा थर खडूसारखा भुसभुशीत करतं.

गणपतीच्या कारखान्यात मिळणारं प्लास्टर चालेल का? चालेल, पण त्याला १०० ग्रॅमला ५० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणून ते मऊ राहतं आणि नखं झडतात. फेरेटची नखं मांजरासारखी आत जात नाहीत, ठशात ती कायम दिसतात. ती गेली तर ठसा कुणाचा हेच कळणार नाही. स्टोनला साडेचार गुण, अर्धा कापला तो त्याच्या पिवळट रंगासाठी. दोन दिवस वाळवून पारदर्शक लॅकरचा एक हात द्या आणि वस्तू घरातच ठेवा. अंगणातल्या पावसात जिप्सम झिजतं.

शाईचा ठसा हवा असेल तर पंजा कागदावर दाबण्याऐवजी पुठ्ठ्यावर लावलेला कागद पंजावर दाबा. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

केसांची बट कापताना आधी दोऱ्याने बांधा, मग कापा. ती खांद्यावरून घ्या. फेरेटमध्ये अधिवृक्क (मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा आजार नेहमीचा, त्यात केस शेपटीच्या बुडापासून जायला लागतात, तिथे उरलेले केस विरळ आणि ठिसूळ असतात. रेझिनचं लॉकेट करून देणारे बरेच आहेत, त्यांना एकच विचारा: प्रकाशाने घट्ट होणारं यूव्ही रेझिन की दोन भाग मिसळून घट्ट होणारं इपॉक्सी? केसांच्या दाट गुच्छाखाली प्रकाश पोचत नाही, त्यामुळे यूव्ही रेझिन आत चिकटच राहतं. पांढरे केस रेझिनमध्ये ओले होऊन जवळजवळ दिसेनासे होतात, त्यामागे गडद पाठ लावायला सांगा. फेरेटचं पांघरूण मात्र धुऊ नका. फेरेटचा तो उग्र, कस्तुरीसारखा वास घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बराच टिकतो. आत डांबरगोळी टाकली तर उरेल तो डांबरगोळीचा वास.

राहिला दगड. लाडक्या जनावराची समाधी बांधणं साताऱ्याला नवं नाही, संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची आहेच. आज दोन पर्याय दिसतात. पाटे-वरवंटे करणाऱ्या पाथरवटाकडचा आपला काळा कातळ, नाहीतर पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट. कातळावर फक्त अक्षरं घ्या, टाकीने खोल कोरलेली. दगड निवडताना हातोडीने वाजवून बघा: खणखणीत आवाज हवा, भद्द वाजला तर आत पोकळी किंवा चीर आहे. फोटो हवा असेल तर ग्रॅनाइटच. लेझर वरचं पॉलिश फोडतो आणि त्या ठिपक्यांतून राखाडी चित्र उभं राहतं. पॉलिशच नसलेल्या कातळावर ते उठत नाही. पांढरा फेरेट काळ्या ग्रॅनाइटवर सुरेख येतो. गडद रंगाचा पार्श्वभूमीत विरून जातो, त्याचा फोटो फिक्या चादरीवर, बाजूच्या उजेडात काढलेला द्या.

आणि फोटो दिलाच पाहिजे. नुसतं तोंडी सांगितलं की कारागीर मुंगूस कोरतो, त्याने फेरेट पाहिलेला नसतो. मुंगसाची शेपूट जवळपास अंगाएवढी लांब, फेरेटची त्यापेक्षा बरीच आखूड. मुंगसाचं तोंड निमुळतं, फेरेटचं बोथट. त्यात डोळ्यांभोवतीचा काळा मुखवटा. कागदावर पेन्सिलचा आराखडा मागवून शेपूट आधी मोजा.

मजकुराची फाइल युनिकोडमध्ये पाठवली आणि दुकानात जुना फॉन्ट असला की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. पीडीएफ द्या, लेझर लावण्याआधी पडद्यावर प्रत्येक अक्षर स्वतः वाचा. दगडावर खोडरबर चालत नाही. पुरलं असेल तिथे दगड लगेच बसवू नका. खड्डा किमान तीन फूट खोल, देह सुती कापडात, प्लॅस्टिक नको. वरची माती एक पावसाळा खचू द्या, मग खाली चार बोटं खडी पसरून दगड ठेवा, नाहीतर तो पहिल्याच वळवात कलंडतो.