जेएनपीए की जयगड : जाब कुणाला विचारायचा?

न्हावा-शेवाचं बंदर, म्हणजे जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण), केंद्राच्या हाताखाली, रत्नागिरीतलं जयगड बंदर राज्याच्या. 2021च्या प्रमुख बंदरांच्या कायद्याने जेएनपीएच्या मंडळाला बंदराच्या सेवांचे दर ठरवायची मोकळीक मिळाली. आधी ते वेगळं प्राधिकरण ठरवायचं. तरी हिशेब कॅग (देशाचे महालेखापरीक्षक) तपासतं, माहिती अधिकारात अर्जही थेट करता येतो. कागद हलायला वेळ लागतो, ते सोडा.

जयगड जेएसडब्ल्यू ही खासगी कंपनी चालवते, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाशी (राज्याच्या बंदरांचं सरकारी मंडळ) करार करून. निर्णय झटपट होतात. पण करार करणारं बोर्ड आणि त्यावर लक्ष ठेवणारंही तेच! मला तरी जेएनपीएची पद्धत बरी वाटते.

पालघर जिल्ह्यातल्या नियोजित वाढवण बंदरात जेएनपीएचा वाटा 74 टक्के, बोर्डाचा 26. म्हणजे तिथल्या मच्छीमारांना दोन्हीकडे खेटे घालणं आलं.